दारू, लिव्हर आणि पेशींमधले निरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला पोटविकारांचे रुग्ण पाहताना आणि बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, धाराशिवकडून येणाऱ्या फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा कानी पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारी बहुतेक वेळा रुग्णाची बायको, मुलगा नाहीतर भाऊ असतो. काही प्रश्न नर्सिंगच्या आणि बी.एस्सी.च्या मुलामुलींचे आहेत. दारूने लिव्हर जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कसं जातं हे समजलं की माणसं पुढचे निर्णय वेगळे घेतात, म्हणून उत्तरं जरा तपशिलात दिली आहेत. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

१. दारूने लिव्हर खराब होतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

प्यायलेल्या दारूतलं ९० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल लिव्हरमध्येच मोडलं जातं. तिथल्या मुख्य पेशींना हिपॅटोसाइट म्हणतात. त्या अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात आणि मग त्याचं अ‍ॅसिटेट. मधला अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी असतो. तो पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्यांचं काम बिघडवतो. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये सीवायपी२ई१ नावाचं आणखी एक एन्झाइम वाढतं. तेही अल्कोहोल मोडतं, पण मोडताना पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे मुक्त कण तयार होतात. शिवाय पेशीत चरबी साचू लागते.

ही झाली एकेका पेशीची गोष्ट. एवढ्यानेच सगळं होत असतं तर भरपूर पिणाऱ्या प्रत्येकाला सिऱ्हॉसिस, म्हणजे व्रण साचून लिव्हर कडक होण्याचा आजार, झाला असता. प्रत्यक्षात अशा लोकांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास जणांच्या लिव्हरवर चरबी येते, पण सिऱ्हॉसिस साधारण १० ते २० टक्क्यांना होतो. जखमी पेशी शेजारच्या पेशींना काय कळवते आणि त्या पेशी त्यावर काय करतात, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

२. पेशी एकमेकींशी ‘बोलतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

एक पेशी ठरावीक रेणू बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर तोच रेणू धरणारा रिसेप्टर असतो. रेणू तिथे बसला की त्या पेशीच्या आत कामांची साखळी सुरू होते आणि काही जीन चालू होतात, काही बंद. दाह वाढवणाऱ्या किंवा आवरणाऱ्या अशा रेणूंना सायटोकाइन म्हणतात. पेशींना एखाद्या जागी बोलावून घेणारे ते केमोकाइन. काही पेशी भिंतीला भिंत लावून असतात आणि मधल्या बारीक दारांतून रेणूंची देवघेव करतात. काही वेळा पेशी स्वतःच्या आवरणाची चिमुकली पुटिका करून तिच्यात निरोप भरून पाठवते (प्रश्न ५ पाहा).

लिव्हरमधल्या चार प्रकारच्या पेशी ओळखून ठेवा, पुढे त्या सारख्या येतील. हिपॅटोसाइट, म्हणजे काम करणाऱ्या मुख्य पेशी. कुप्फर पेशी, म्हणजे रक्तवाटेत बसलेल्या पहारेकरी मॅक्रोफेज. स्टेलेट पेशी, ज्या एरवी शांतपणे अ जीवनसत्त्व साठवून ठेवतात. आणि रक्तवाटेचं बारीक छिद्रांचं अस्तर असलेल्या एंडोथेलियल पेशी. रक्तातून येणारे न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, हे बाहेरून बोलावलेले.

३. दारू लिव्हरला मारते म्हणता, मग डॉक्टर आतड्याबद्दल का बोलत होते?

कारण लिव्हरमधला सर्वांत घातक निरोप आतड्यातून निघतो.

लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, म्हणजे आतड्यातून थेट. आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. त्यांच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा पदार्थ रक्तात येऊ नये म्हणून आतड्याच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. अल्कोहोल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड ही शिवण सैल करतात. रोजच्या पिण्याने आतड्यातल्या जिवाणूंची जातकुळीही बदलते. मग एंडोटॉक्सिन पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये उतरतं.

तिथे कुप्फर पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचा टीएलआर४ हा रिसेप्टर एंडोटॉक्सिन ओळखतो. हे उलगडून दाखवल्याबद्दल ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. टीएलआर४ चेतवला की कुप्फर पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ असे दाहाचे निरोप सोडते.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रोनाल्ड थर्मन यांच्या गटाने उंदरांवर केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी उंदरांना दारू चालूच ठेवली, फक्त गॅडोलिनियम क्लोराइड देऊन कुप्फर पेशी निष्क्रिय केल्या. लिव्हरची इजा बरीच कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले, तेव्हाही तसंच झालं. अल्कोहोल तेवढंच होतं, निरोपाची साखळी मात्र मध्येच तुटली होती.

४. निरोप आल्याने चांगली पेशी मरते कशी?

टीएनएफ रोजच्या जीवनातही असतो आणि निरोगी हिपॅटोसाइट त्याला सहज पचवते. दारूने तिच्या मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाघरातलं) ग्लुटाथिओन, म्हणजे तिची संरक्षक शिदोरी, आधीच संपवलेली असते. अशा पेशीला तोच टीएनएफ जीवघेणा ठरतो. नुसत्या दारूने किंवा नुसत्या टीएनएफने जे झालं नसतं ते दोन्ही मिळून घडवतात.

मरणारी पेशीही गप्प राहत नाही. तिच्यातून बाहेर सांडलेलं द्रव्य कुप्फर पेशींना पुन्हा चेतवतं. हिपॅटोसाइट इंटरल्यूकिन-८ सोडून न्यूट्रोफिलना बोलावते. हे न्यूट्रोफिल जिवाणू मारायला तयार होऊन येतात आणि त्यांच्या माऱ्यात आसपासच्या चांगल्या पेशीही सापडतात. असा दाह एकदम उसळला की त्याला अल्कोहोलिक हिपॅटायटिस म्हणतात. डोळे पिवळे, ताप, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली दुखतं. घरचे म्हणतात, ‘साधी कावीळ आहे.’ तीव्र प्रकारात महिन्याभरात मृत्यू ओढवू शकतो, म्हणून ही कावीळ घरी काढायची नसते.

५. एक्सोसोम म्हणजे काय? आमच्या प्रोजेक्टला हवंय.

पेशी बाहेर सोडते त्या अतिसूक्ष्म पुटिका, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. आत प्रथिनं आणि मायक्रो-आरएनए, म्हणजे जीनचं काम आवरणारे छोटे रेणू, भरलेले असतात. २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की दारूच्या संपर्कात आलेल्या हिपॅटोसाइट जास्त एक्सोसोम सोडतात. त्यांत मायक्रो-आरएनए-१२२ असतो. तो मुख्यतः लिव्हरच्या पेशींचाच. हे एक्सोसोम मोनोसाइटमध्ये शिरले की मोनोसाइट एंडोटॉक्सिनला जास्त संवेदनशील होतात, म्हणजे एरवी ज्या मात्रेला ते शांत राहिले असते त्याच मात्रेला भडकतात. प्रश्न ३ मधली साखळी अशी आणखी तापते. प्रोजेक्टसाठी एवढं नक्की नोंदवा: हे एक्सोसोम रक्तात सापडतात, म्हणून पुढे लिव्हरमध्ये सुई न घालता, नुसत्या रक्ततपासणीने लिव्हरची अवस्था ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होईल का यावर काम चालू आहे. आज आपल्याकडे नेहमीच्या तपासणीत ते नाहीत.

६. लिव्हर ‘कडक’ कसं होतं? आणि पोटात पाणी, रक्ताची उलटी हे सगळं कुठून येतं?

इथे स्टेलेट पेशी पुढे येतात. शरीरातलं बहुतेक अ जीवनसत्त्व या पेशींत साठवलेलं असतं. कुप्फर पेशींकडून टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे निरोप सतत येत राहिले की स्टेलेट पेशी तो साठा टाकून देतात, रूप बदलतात, संख्येने वाढतात आणि कोलॅजनचे धागे, म्हणजेच व्रण, विणू लागतात. जखम भरण्याचं हे नेहमीचं काम आहे. जखम रोज होते, त्यामुळे विणणं थांबतच नाही. नॅचरल किलर नावाच्या रक्तपेशी चेतलेल्या स्टेलेट पेशींना एरवी मारून टाकतात. दारू त्यांनाही दुबळं करते, म्हणजे थांबवणारा निरोपही कमी पडतो. याच काळात रक्तवाटेच्या अस्तराची छिद्रं बुजतात.

आता पोर्टल व्हेनचं रक्त पुढे सरकायला जागा उरत नाही. कॅनॉलच्या चारीत गाळ साचला की पाणी मागे तुंबतं आणि बांध फोडून शेजारच्या वावरात घुसतं, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांत घुसतं. त्या फुगतात आणि फुटल्या की रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी होते. पोर्टल व्हेनमधला हा दाब, त्यामुळे किडनीने धरून ठेवलेलं मीठ आणि लिव्हर पुरेसं अल्बुमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन) बनवू न शकणं, यांतून पोटात पाणी होतं, पाय सुजतात. रक्ताची उलटी झाली तर सोनोग्राफीची वाट पाहू नका. दुर्बिणीतून शिरा बांधण्याची सोय असलेलं जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

७. देशी, विदेशी, बियर: यांतली लिव्हरला कमी त्रासाची कुठली?

लिव्हरपर्यंत पोहोचतं ते अल्कोहोल, बाटलीवरचं लेबल नव्हे. बाटलीवर लिहिलेले टक्के घ्या, मिलीलिटरने गुणा, शंभराने भागा आणि आलेल्या आकड्याला ०.७९ ने गुणा. ग्रॅम मिळतील. ४२.८ टक्क्यांची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६१ ग्रॅम. ९० मिलीची चपटी ३० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणारा दोन बाटल्यांत क्वार्टरच्याही पुढे गेलेला असतो.

प्रौढ माणसाचं लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. एका क्वार्टरला सहा ते नऊ तास लागले. रात्री दहाला संपवली तर लिव्हर पहाटेपर्यंत त्याच कामात असतं.

हातभट्टीत किती टक्के आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. तिच्यात मिथेनॉल असेल तर दृष्टी जाते, जीवही जातो. पिल्यावर धूसर दिसू लागलं तर ती तातडीची वेळ समजा. बिलोली-देगलूरकडून शिंदीबद्दल विचारणा येते: ताज्या शिंदीत अल्कोहोल कमी असतं, जसजशी आंबते तसं वाढतं, आणि भेसळीचा धोका वेगळाच.

८. रोज नाही घेत. फक्त शनिवारी, नाहीतर उचल मिळाली की. तेवढं चालतं ना?

एकाच बैठकीत भरपूर पिण्याचा परिणाम आतड्यावर लगेच होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्री-पुरुषांना एकदाच भरपूर दारू देऊन त्यांच्या रक्तातलं एंडोटॉक्सिन मोजलं. ते वाढलेलं निघालं, जिवाणूंचा डीएनएही सापडला. म्हणजे प्रश्न ३ मधला पहिला निरोप एका रात्रीतही निघतो. दर आठवड्याला अशी रात्र आली तर कुप्फर पेशींना शांत व्हायला मधले दिवस पुरत नाहीत. ज्याच्या लिव्हरवर आधीच चरबी आहे किंवा ज्याला साखर आहे, त्याने हे हलकं घेऊ नये.

९. आमचे आजोबा ऐंशीपर्यंत रोज पीत होते, त्यांना काही झालं नाही. भाऊ चाळिशीतच गेला. असं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा अपराधीपणा असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. निरोपांना कोणाच्या पेशी किती जोराने उत्तर देतात हे जन्मतःच काही प्रमाणात ठरलेलं असतं. पीएनपीएलए३ या जीनचा एक प्रकार २००८ मध्ये लक्षात आला. तो ज्यांच्यात असतो त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी आणि व्रण दोन्ही लवकर वाढतात. भारतीयांतही तो आढळतो.

त्यावर इतर गोष्टी चढतात. वाढलेलं पोट आणि मधुमेह, हिपॅटायटिस बी किंवा सी, बिडी-सिगारेट. पोटावरची चरबी स्वतः निरोप पाठवते: लिव्हरला सांभाळणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं आणि चरबीची आम्लं जास्त उतरतात. बायकांमध्ये तेवढ्याच दारूने जास्त इजा होते, कारण अंगातलं पाणी कमी असल्याने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. आजोबा वाचले ही त्यांची जडणघडण. नातवाने त्यावरून स्वतःचा हिशेब मांडू नये.

१०. एसजीपीटी नॉर्मल आलं. म्हणजे लिव्हर चांगलं आहे ना?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारी एन्झाइम. दारूच्या आजारात एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीने किंवा जास्त असतं आणि दोन्ही मिळूनही आकडे फार मोठे नसतात. पुढच्या सिऱ्हॉसिसमध्ये फुटायला पेशीच कमी उरतात, म्हणून एन्झाइम नॉर्मलही येतात. रिपोर्टमध्ये प्लेटलेट दीड लाखाखाली आहेत का, अल्बुमिन उतरलंय का, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढलाय का हे बघा. लिव्हरचा कडकपणा फायब्रोस्कॅनने मोजता येतो. सिऱ्हॉसिस नक्की झाला असेल तर कॅन्सर लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, तब्येत कितीही चांगली वाटली तरी.

११. दारू सोडली तर लिव्हर भरून येतं का? किती दिवसांत?

चरबी दोन ते सहा आठवड्यांत उतरू लागते. आतड्याची शिवण पुन्हा घट्ट होते, एंडोटॉक्सिनचा ओघ आटतो. कुप्फर पेशींचा दाह शमायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणूनच ‘पंधरा दिवस झाले सोडून, तरी कावीळ उतरेना’ अशी तक्रार येते. दारू थांबली तरी मागे सोडलेले निरोप काही काळ फिरत असतात. या टप्प्यात धीर सुटलेले लोक ‘सोडून काय उपयोग झाला’ म्हणून पुन्हा सुरू करतात, आणि तेच मला सर्वांत जास्त लागतं, कारण लिव्हर नेमकं सावरायला लागलेलं असतं.

व्रण विरघळायला महिने-वर्षं लागतात आणि जुना, जाड सिऱ्हॉसिस पूर्ण जात नाही. तरीही पोटात पाणी झालेले काही रुग्ण पूर्ण बंद ठेवल्यावर पाण्याच्या गोळ्यांशिवाय राहू लागलेले मी पाहिले आहेत. कोणत्याही टप्प्यावर सोडण्याचा फायदा आहे.

१२. वर्ष झालं सोडून. आता येळवशीला (वेळ अमावास्येच्या सणाला) शेतात सगळे बसले की एखादा पेग घेतला तर?

लिव्हरच्या दृष्टीने उत्तर ‘नको’ असं आहे, आणि त्याला कारण आहे. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी उंदरांवर दाखवलं की इजा थांबल्यावर चेतलेल्या स्टेलेट पेशींपैकी साधारण निम्म्या मरतात. उरलेल्या शांत होतात, पण पहिल्यासारख्या कोऱ्या होत नाहीत. पुढची इजा झाली की त्या नव्या पेशींपेक्षा लवकर चेततात आणि लवकर धागे विणू लागतात. माणसांतही सिऱ्हॉसिसनंतर पुन्हा पिणाऱ्यांचा आजार झपाट्याने वाढतो. व्यसनाच्या अंगाने पाहिलं तर ‘एखादा’ हा आकडा टिकत नाही, हे घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खुशाल खा. आंबील ‘आंबलेली’ म्हणून घाबरून विचारणारे असतात. ती ताकातल्या जिवाणूंनी आंबते, तिच्यातलं अल्कोहोल नगण्य. पोटात पाणी असेल तर मात्र मीठ न घातलेली घ्या.

१३. एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, बडबड सुरू होते. मग हळूहळू सोडू का?

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं आहे, आणि ‘हळूहळू’ बहुतेकांचं कधी संपत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

इथेही पेशींमधले निरोपच आहेत, फक्त मेंदूतले. दारू गाबा हा शांत करणारा निरोप वाढवते आणि ग्लुटामेट हा चेतवणारा दाबते. मेंदू काही वर्षांत त्याप्रमाणे जुळवून घेतो. दारू अचानक काढली की चेतवणारा निरोप मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून थरथर, घाम, अस्वस्थता. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, भ्रम, कपडे ओढणं, भिंतीवर किडे दिसणं. याला बाहेरची बाधा समजून माणसाला देवऋषीकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. ही उपचाराने बरी होणारी, उपचाराविना जीव घेणारी अवस्था आहे. दवाखान्यात सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन द्यायला हवं. रुग्ण रोज पितो हे तिथे न लाजता सांगा.

सोडण्यासाठी मदत कुठे मिळेल हे विचारायला १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन मोफत लागतो.

१४. दारू सोडवायची गोळी चहातून न सांगता देऊ का?

देऊ नका. अशी जी गोळी किंवा पावडर दिली जाते ती बहुधा डायसल्फिराम असते. ती अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम बंद करते. म्हणजे माणसाने वर दारू प्यायली की प्रश्न १ मधला तोच विषारी पदार्थ रक्तात साचतो: चेहरा लाल, छातीत धडधड, बीपी कोसळतं. त्याला ठाऊकच नसेल तर तो पिणार, आणि जीवावर बेतू शकतं. डायसल्फिराम स्वतःही लिव्हरला इजा करू शकतं. ज्या बाईवर घर चालवायची पाळी आली आहे तिची अगतिकता मी समजू शकतो. लिव्हर खराब असतानाही ओढ कमी करण्यासाठी बॅक्लोफेनसारखी औषधं डॉक्टर देतात, ती रुग्णाला सांगून घेता येतात.

१५. हे निरोपच बंद करणारं औषध नाही का?

शोध बराच झाला आहे. टीएनएफ अडवणारी इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट ही औषधं संधिवातात उपयोगी पडली होती, म्हणून २००० नंतरच्या दशकात अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये वापरून पाहिली. जंतुसंसर्ग वाढले. इटॅनरसेप्टच्या २००८ च्या चाचणीत सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले. कारण टीएनएफ हा निरोप जंतूंविरुद्धच्या राखणीसाठीही लागतो आणि लिव्हर पुन्हा वाढण्यासाठीही.

आज तीव्र प्रकारात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड निवडक रुग्णांना देतात. ब्रिटनमधल्या स्टोपाह या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, १,१०३ रुग्ण होते. २८ दिवसांतले मृत्यू प्रेडनिसोलोनने थोडे कमी दिसले, पण फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका नव्हता. त्याच चाचणीतल्या पेंटॉक्सिफायलिन या दुसऱ्या औषधाचा उपयोग दिसला नाही. म्हणून स्टेरॉइड सुरू केल्यावर सातव्या दिवशी लिली स्कोअर काढून गुण येतोय का ते पाहतात आणि येत नसेल तर बंद करतात. जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असेल तर आधी तो आवरावा लागतो.

साखळीच्या सुरुवातीला, म्हणजे आतड्यातच हात घालायचेही प्रयत्न आहेत. सायटोलायसिन नावाचं विष बनवणारा एंटरोकोकस फिकॅलिस हा जिवाणू ज्यांच्या आतड्यात असतो त्यांचा आजार जास्त गंभीर असतो, हे २०१९ मध्ये दिसून आलं. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमध्ये निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. आशा आहे, रोजचा उपचार म्हणून अजून नाही. सगळे निरोप एकदम, आणि इतर काही न बिघडवता थांबवणारी गोष्ट आजही एकच आहे: दारू पूर्ण बंद.

१६. काविळीची माळ, पाला, गुळवेल, लिव्हरचं टॉनिक: यांनी काही नुकसान तर नाही ना?

माळ लांबते ती वाळताना तिच्यातल्या काड्या आकसून दोरा सुटतो म्हणून. तिने इजा होत नाही, वेळ मात्र जातो, आणि प्रश्न ४ मधल्या आजारात वेळ हेच सर्वस्व. झाडपाल्याचं तसं नाही. त्यात काय आहे ते माहीत नसतं आणि मोडायचं काम आजारी लिव्हरलाच करावं लागतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले. टॉनिकने व्रण विरघळत नाहीत. सर्वांत मोठं नुकसान टॉनिकच्या भरवशावर पीत राहण्याने होतं.

१७. खायला काय द्यायचं? तेल-तिखट-हळद आणि डाळ बंद केली आहे.

पुन्हा सुरू करा. उसाचा रस आणि पेजेवर ठेवलेला रुग्ण स्नायू गमावतो, आणि स्नायू गेले की जगण्याची शक्यता घटते. किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. भाकरीबरोबर घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, दही, दोन-तीन अंडी. रात्री झोपण्याआधी दूध-भाकरी किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या, कारण हे लिव्हर रात्रभराची साखर साठवू शकत नाही आणि पहाटेपर्यंत स्नायू जाळतं. हळदीने कावीळ वाढत नाही. पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत: लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, वरून मीठ बंद. माणूस गुंगीत जाऊ लागला, दिवसा झोप रात्री जाग असं झालं, तर डाळ बंद करण्याऐवजी दवाखान्यात न्या.

१८. उसतोडीवरून आल्यावर अंग मोडून येतं. मेडिकलवरून कुठली गोळी घ्यावी?

लिव्हर खराब असेल तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळा. किडनी आणि पोटातल्या शिरा दोन्हींना धोका. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसात दोन ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या चार. रोज पिणाऱ्यात वाढलेलं सीवायपी२ई१ पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी पदार्थात बदलतं आणि त्याला निकामी करणारं ग्लुटाथिओन आधीच संपलेलं असतं (प्रश्न ४). सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका.

१९. वडिलांना लिव्हर द्यायचं आहे. मीही अधूनमधून घेतो. माझं चालेल का? आणि माझं उरलेलं वाढेल का?

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नात्यातली सज्ञान व्यक्ती दाता होऊ शकते, मुलगा त्यात येतो. रक्तगट, सीटी स्कॅन, लिव्हरवरची चरबी हे सगळं तपासतात. चरबी जास्त निघाली तर दारू पूर्ण बंद ठेवून, वजन उतरवून पुन्हा तपासणी होते. तुम्ही किती घेता हे प्रत्यारोपणाच्या टीमला खरं सांगा. लपवलं तर धोका तुमच्याच शस्त्रक्रियेत येतो. घरात दाता जुळला नाही तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव लावता येतं. मराठवाड्यासाठीचं झेडटीसीसी हे विभागीय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

वाढण्याबद्दल: मोठ्या माणसाला देताना बहुधा उजवा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक लिव्हर काढतात. उरलेल्या भागात कुप्फर पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ सोडून हिपॅटोसाइटना विभागणीसाठी तयार करतात. स्टेलेट आणि एंडोथेलियल पेशी एचजीएफ हा वाढीचा निरोप देतात. आजारात लिव्हर पोखरणारे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ इथे थोड्या काळापुरते, मोजून येतात आणि काम झालं की थांबतात. दोन-तीन महिन्यांत बहुतेक आकार परत येतो. या काळात एक थेंबही घ्यायचा नाही, आणि जड उचलायची, कोयत्याची किंवा ट्रॅक्टरची कामं सर्जन सांगतील तोवर बंद ठेवायची.